युआन काळातल्या चित्रगुंडाळीत मंगोल नेमका कुठे शोधायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्गात शिकवलं गेलं की चीनमध्ये मंगोल आले, पुढे मांचू आले, त्यांनी राज्य केलं, पण चिनी संस्कृतीनं सगळ्यांना पचवून टाकलं. तुम्ही संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर युआन काळातली, म्हणजे मंगोल राजवटीतली (१२७१ ते १३६८) चित्रं पाहिलीत, तर डोंगर, बांबू, घोडे असं सगळं ‘चिनीच’ दिसलं. मग ती देवाणघेवाण दिसते कुठे, आणि निबंधात पुराव्यानिशी मांडायची कशी?

तुमच्या नजरेत खोट नाही, प्रश्नाची मांडणी चुकली आहे. ‘ह्यात मंगोल किती आणि चिनी किती’ असं विचारलं की आपण भाजीतला मसाला ओळखावा तशी शैली चाखत बसतो, आणि चव प्रत्येकाला वेगळी लागते. त्याऐवजी विचारायचं ते हे: ह्या गुंडाळीला कोणाकोणाचे हात लागले? काढणारा कोण, ज्याच्यासाठी काढलं तो कोण, चित्रातला माणूस कोण, त्यावर नंतर लिहिणारे कोण, जपणारा आणि शिक्का मारणारा कोण? पाच जागा. युआन काळातल्या चांगल्या गुंडाळीत ह्या पाच जागांवर तीन वेगवेगळ्या समाजांची माणसं सहज सापडतात. ‘पचवलं’ हा शब्दही मला आळशी वाटतो. पचवणारा स्वतः बदलत नाही, असं त्यात गृहीत धरलेलं असतं.

आणि ‘चिनी’ म्हणजे तरी कोण, तेही काळानुसार बदलतं. युआन प्रशासनात माणसांचे चार वर्ग होते: मंगोल, सेमू, म्हणजे पश्चिमेकडून आलेले उइघुर, तुर्क, इराणी वगैरे, हानरन, आणि दक्षिणेकडचे नानरन. ह्यातल्या ‘हानरन’मध्ये उत्तरेतल्या हान लोकांबरोबर खितान आणि जुर्चेन ह्या मंगोलांआधी उत्तरेत राज्य केलेल्या जमातीही मोजल्या जात. म्हणजे जुन्या नोंदीत ‘हानरन चित्रकार’ दिसला म्हणून तो आजच्या अर्थानं हान असेलच असं नाही. नावावरही विसंबू नका. चित्रकार गाओ कगोंग (१२४८–१३१०) हे नाव अस्सल चिनी वाटतं, पण त्याचं घराणं पश्चिमेकडच्या प्रदेशातलं. कवी आणि सुलेखनकार गुआन युनशी (१२८६–१३२४) उइघुर, जन्मनाव सेविंच काया. वडिलांच्या नावातलं पहिलं अक्षर त्यानं आडनाव म्हणून घेतलं. उलट, मंगोल नाव लावणारे हान अधिकारीही होते.

किती खोलात जाता येईल ते तुमच्या हाती काय आहे त्यावर अवलंबून. पुस्तकातलं छायाचित्र बहुधा फक्त चित्राचं असतं, मागचा कागद कापलेला असतो. तेवढ्यावर पाचपैकी दोनच प्रश्नांची उत्तरं मिळतात. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर पूर्ण गुंडाळी मिळाली तर काम खरं सुरू होतं.

आडवी गुंडाळी उजवीकडून डावीकडे उघडते, आणि एका वेळी हातभर, साधारण ५० सेंटीमीटर, एवढाच भाग बघायचा असतो. संगणकावर गुंडाळीची उंची पडद्याइतकी करा आणि उजव्या टोकापासून सरकत या. आधी बाहेरच्या कापडावरची नावाची पट्टी लागते, मग रेशमाच्या पट्ट्या, मग चित्र, पुन्हा रेशीम आणि शेवटी मागचा लांब कागद. ह्या मागच्या कागदावर पुढच्या पिढ्यांनी अभिप्राय लिहिलेले असतात. आपल्या पोथीच्या शेवटी लेखनिकाची पुष्पिका असते तशी ही जागा, फरक इतकाच की इथे लेखनिकाऐवजी वाचणारे लिहितात, आणि ते शतकानुशतकं चालू राहतं.

मी चित्राच्या आधी सांधे बघतो. चित्र आणि रेशीम जिथे चिकटवलंय तिथे अर्धा इकडे, अर्धा तिकडे असे शिक्के मारलेले असतात, कोणी चित्र काढून दुसरं बसवू नये म्हणून. शिक्क्याचे दोन अर्धे नीट जुळत नसतील, तर कधीतरी कापाकापी किंवा नवी जोडणी झालेली आहे. मग मागच्या कागदावरचा अभिप्राय ह्याच चित्राबद्दल आहे, हे गृहीत धरता येत नाही. विद्यार्थ्यांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते: अभिप्राय अस्सल, पण चित्र दुसरंच.

आता एक उदाहरण जवळून बघू, कारण ह्यात पाचही जागा भरलेल्या आहेत. चित्रकार आणि सुलेखनकार झाओ मेंगफू (१२५४–१३२२) हा सोंग राजघराण्यातला, म्हणजे मंगोलांनी जिंकलेल्या चिनी घराण्यातला. सोंग राज्य बुडाल्यावर १२८६ मध्ये कुबलाई खानाच्या बोलावण्यावरून तो दरबारात गेला, त्यासाठी पुढची कित्येक शतकं त्याला बोल लावले गेले. त्याची १३०४ ची एक छोटी गुंडाळी लियाओनिंग प्रांतीय संग्रहालयात आहे. लाल वस्त्रातला एक अर्हत, म्हणजे मुक्ती मिळवलेला बौद्ध साधू, झाडाखाली हिरव्या-निळ्या खडकावर बसलाय, डावा हात पुढे पसरलेला, कानात कडी, दाट दाढी, मागे प्रभामंडळ. रंग आणि खडकाची धाटणी मुद्दाम जुनी, तांग काळाची (६१८–९०७) आठवण देणारी.

नुसतं चित्र बघितलं तर ‘जुन्या शैलीतलं बौद्ध चित्र’ म्हणून पुढे जाल. पण १३२० मध्ये झाओनं स्वतःच त्यावर लिहून ठेवलं. सारांश असा: तांग काळातल्या लू लंगजियाच्या अर्हतांत पश्चिमेकडच्या माणसांची ढब बरोबर उतरली आहे, कारण तेव्हा राजधानीत तिकडचे लोक पुष्कळ होते, चित्रकारांनी त्यांना पाहिलं होतं, त्यांच्याशी बोलणं होतं. पुढे तांगनंतरच्या ‘पाच राजवंशां’च्या काळातले (दहावं शतक) वांग छीहानसारखे चित्रकार कुशल खरे, पण त्यांचे अर्हत आणि हान भिक्षू यांत फरक तो काय? मी राजधानीत बराच काळ नोकरी केली, तियानझूच्या भिक्षूंबरोबर वावरलो, म्हणून अर्हत काढण्यात मला काही गवसलंय असं वाटतं. तियानझू म्हणजे भारत.

हा अभिप्राय सोन्यासारखा आहे, कारण देवाणघेवाण कशी होते ते चित्रकारच सांगतोय. त्याच्या मते ती शैली उचलल्यानं होत नाही, शेजारामुळे होते. राजधानीत परका माणूस रोज दिसतो की नाही, त्याच्याशी बोलता येतं की नाही, ह्यावर चित्र ठरतं. आणि ती राजधानी, दादू म्हणजे आजचं बीजिंग, मंगोलांनी वसवलेली. ह्या चित्रात मंगोल शोधायचा तर तो रेघेत सापडणार नाही. हे भिक्षू आणि हा सोंग राजपुत्र एकाच गावात का आहेत, ह्याचं उत्तर मंगोल आहे.

ह्याच्या जोडीला झाओचं १३१६ चं सुलेखन घ्या, बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयातलं. मजकूर दाम्पा नावाच्या तिबेटी लामाच्या गौरवाचा, आज्ञा मंगोल सम्राटाची, अक्षर सोंग वंशजाचं, आणि लामाच्या चरित्रात भारतात जाऊन शिकल्याचा उल्लेख. अक्षर मात्र ठाशीव चिनी नियमित लिपीचं. कोणी म्हणेल, मग ह्यात देवाणघेवाण कुठे आली? मजकुरात, मागणीत, वाचकात. अक्षराच्या वळणातच ती दिसली पाहिजे, हा हट्ट सोडा.

इथे मराठी वाचकाला एक मोह होतो: भारत म्हटलं की अजिंठा. नानजिंगच्या एका मंदिराबद्दल जुनी नोंद आहे. मंदिर ५३७ मधलं, दारावर झांग संगयाओ ह्या चित्रकाराच्या हातची म्हणून सांगितली जाणारी फुलं, तियानझूच्या पद्धतीनं तांबड्या आणि हिरव्या-निळ्या रंगात रंगवलेली. लांबून उंचसखल दिसत, जवळ गेलं की सपाट. अजिंठ्यातली गडद-फिकट छटांनी आणलेली गोलाई ज्यानं पाहिली आहे त्याला हे ओळखीचं वाटणारच. पण ती फुलं आज नाहीत, आणि दोन्हीच्या मध्ये कुचा, खोतान, दुनहुआंग अशी रेशीम मार्गावरची लांबलचक वाट आहे. निबंधात ‘भारतीय पद्धत म्हणून नोंदलेली’ इतकंच लिहा. ‘अजिंठ्याचा प्रभाव’ लिहिलंत की परीक्षक पुरावा मागेल आणि तो तुमच्याकडे नसेल.

आता कपडे आणि केस. सगळे आधी इकडेच धावतात, आणि फसतातही इथेच. ढोबळ खुणा अशा: खितान पुरुष डोक्याचा मधला भाग भादरून कानशिलांजवळ बटा ठेवत. जुर्चेन पुढचा भाग भादरून मागच्या केसांच्या वेण्या घालत. मंगोल पुरुषांच्या कपाळावर छोटी झुलपं आणि कानांमागे गुंडाळलेल्या वेण्या असत. ह्या खुणांचं वजन केवढं ते ‘झुओश्ये’ गुंडाळीवरून कळतं. शिकारीनंतर विसावलेल्या घोडेस्वारांचं हे चित्र पिढ्यान्‌पिढ्या दहाव्या शतकातल्या हू ग्वी ह्या खितान चित्रकाराच्या नावावर आहे. पण त्यातल्या पुरुषांची केशभूषा जुर्चेन वळणाची असल्याचं दाखवून अभ्यासकांनी ते जिन ह्या जुर्चेन राजवटीच्या काळात, म्हणजे निदान दोन शतकं पुढे ओढलं. एका वेणीनं चित्रकार बदलला!

पण ह्याच खुणा उलट्याही फिरतात. अंगरख्याची कुठली बाजू वर येते ते बघा. आपल्याकडे मुघल लघुचित्रांत जामा डाव्या काखेत बांधलेला असेल तर हिंदू, उजव्या काखेत असेल तर मुसलमान, अशी ओळख शिकवतात. चिनी परंपरेत डावीकडे बंद होणारा अंगरखा ‘परक्यांचा’. तरी युआन काळातले मंगोल बहुतेक उजवीकडेच बांधत, म्हणून नुसत्या त्या खुणेवर काही ठरवता येत नाही.

दुसरा सापळा काळाचा. साय वंजी ह्या बाईची कथा दुसऱ्या शतकाच्या शेवटाची: श्योंगनू ह्या उत्तरेकडच्या भटक्या लोकांनी तिला पळवून नेलं, तिथे तिला मुलं झाली, मग ती परत आली. सोंग काळातल्या चित्रकारांनी ही कथा रंगवली तेव्हा श्योंगनू कसे दिसत ते त्यांना माहीत नव्हतं. उत्तरेकडचे शेजारी म्हणून माहीत होते ते खितान. बोस्टनच्या ललितकला संग्रहालयातल्या तुकड्यांत म्हणूनच श्योंगनूंच्या अंगावर खितान कपडे आहेत. अशा चित्रातून श्योंगनूंबद्दल काहीही सिद्ध होत नाही. सोंग माणसाला ‘उत्तरेकडचा परका’ म्हटल्यावर कोण आठवत होतं, ते मात्र पक्कं कळतं.

आणि घोडे, तंबू, ससाणे दिसले म्हणून चित्रकार भटक्या समाजातला, हेही खरं नाही. सोंग दरबाराच्या ११२० च्या चित्रसूचीत दहा विभाग आहेत, त्यात ‘परक्या जमाती’ हा वेगळा विषयच आहे. ह्या विभागात हू ग्वी आहे, आणि खितान राजाचा थोरला मुलगा येलू बेईही आहे. हा ९३० मध्ये पळून चीनमध्ये आला आणि ली झानह्वा ह्या नावानं राहिला. पण विषय एकदा रुळला की तो कोणीही काढतो. १२८० ची ‘कुबलाई खान शिकारीला’ ही तैपेईतली प्रसिद्ध उभी गुंडाळी लिऊ ग्वानदाओ ह्या हबेई भागातल्या दरबारी चित्रकाराची. त्यात खान पांढऱ्या फरच्या अंगरख्यात, शेजारी राणी, भोवती वेगवेगळ्या वर्णांचे स्वार, मागे उंटांचा तांडा.

सुलेखनात परिस्थिती उलटी. तिथे चित्रविषय नसतो, कपडे नसतात, म्हणून लोक रेघेत ‘रक्त’ शोधतात: अमुक अक्षर रांगडं, म्हणून लिहिणारा स्टेपवरचा, म्हणजे उत्तरेकडच्या गवताळ मैदानांतला. हे टाळाच. उत्तर वेई हे पाचव्या-सहाव्या शतकातलं राज्य शियेनबेई ह्या उत्तरेकडून आलेल्या लोकांचं. त्या काळातल्या शिलालेखांची अक्षरं चौकोनी, धारदार. त्यात शियेनबेई जोम बघणारे पुष्कळ आहेत. पण त्या धारेतला मोठा वाटा छिन्नीचा. कुंचल्यानं लिहिलेल्या अक्षराची कड दगडात उतरवताना पाथरवट ती सरळ करतो. शिवाय लोंगमनच्या बौद्ध लेण्यांतले नामांकित लेख हे ४९४ मध्ये राजधानी ल्वोयांगला आणून शियेनबेई पोशाखावर आणि दरबारातल्या त्यांच्या भाषेवर बंदी घालणाऱ्या राजवटीतले. कच्च्या जोमाची कल्पना तिथे बसत नाही.

सुलेखनात पुरावा मिळतो तो ‘कोणी कोणाचं वळण गिरवलं’ ह्यातून. ११२७ मध्ये जुर्चेनांनी काइफंग घेतलं, सोंग सम्राट ह्वीझोंगला कैद केलं, त्याचा चित्रसंग्रह उत्तरेत नेला. ह्वीझोंगचं अक्षर अगदी वेगळं: तारेसारखी बारीक रेघ, टोकाला आकडा. साठ-सत्तर वर्षांनी जुर्चेन सम्राट झांगझोंग (राज्यकाल ११८९–१२०८) तेच अक्षर गिरवत होता, इतकं हुबेहूब की ब्रिटिश म्युझियममधल्या ‘राजस्त्रियांना उपदेश’ गुंडाळीच्या शेवटचा मजकूर दीर्घकाळ ह्वीझोंगचाच मानला गेला. तो झांगझोंगचा असावा असं म्हणण्याचं एक कारण फार छान आहे: झांगझोंगच्या वडिलांच्या नावातलं अक्षर तिथे मुद्दाम एक रेघ गाळून लिहिलंय. वाडवडिलांचं नाव पूर्ण लिहायचं नाही, हा चिनी शिष्टाचार. म्हणजे जुर्चेन राजा ओळखू येतो तो त्यानं पाळलेल्या चिनी रिवाजामुळे!

युआन काळातलं मोठं नाव कांगली नाओनाओ (१२९५–१३४५). कांगली ही तुर्की जमात. झाओ मेंगफू दिवसाला १०,००० अक्षरं लिहितो असं कोणी सांगितल्यावर तो म्हणाला, मी ३०,००० लिहितो आणि थकलो म्हणून कुंचला खाली ठेवलेला नाही. त्याचं १३३१ चं लेखन प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संग्रहात आहे. वेगवान, टोकदार, अक्षरं हवेशीर सुटी. झाओच्या गुळगुळीतपणाशेजारी ठेवून बघा. हा वेग तुर्की आहे का? मी तसं म्हणणार नाही. जुन्या चिनी नमुन्यांतून त्यानं केलेली ती निवड आहे. पण हाच नाओनाओ मंगोल सम्राटाचा शिक्षकही होता. सम्राटानं ह्वीझोंगच्या चित्राचं कौतुक केलं तेव्हा त्यानं ऐकवलं की ह्वीझोंगला सगळं येत होतं, फक्त एक गोष्ट येत नव्हती: राज्य करणं. तुर्क मंत्री, मंगोल राजा, हान राजाचं चित्र आणि कन्फ्यूशियन धडा, हे सगळं एका वाक्यात. गाओ कगोंगचंही असंच. त्याचे ढगांत बुडालेले, ओल्या ठिपक्यांचे डोंगर दक्षिणेतल्या मी फू आणि मी यौरेन ह्या सोंग काळातल्या बाप-लेकाच्या वळणाचे. पश्चिमेची एकही खूण त्यात नाही. त्याचं देणं म्हणजे त्यानं काय उचललं ते.

शिक्क्यांकडे शेवटी या, पण घाई करू नका. कुबलाईची पणती राजकन्या सेंगे रागी हिनं १३२३ मध्ये राजधानीतल्या मंदिरात विद्वानांना जमवून आपला संग्रह दाखवला आणि त्यांच्याकडून अभिप्राय लिहवून घेतले. ‘सम्राटाची थोरली बहीण’ अशा अर्थाचा तिचा शिक्का तैपेईतल्या, सोंग सुलेखनकार ह्वांग थिंगजियानच्या ‘पाइनवाऱ्याचा मंडप’ ह्या गुंडाळीवर सापडेल. तिचा जावई सम्राट तुघ तेमुर ह्यानं १३२९ मध्ये क्वीझांग मंडप ही दरबारी संस्था काढली. त्याच्या ‘तियानली’ ह्या राजवर्षनामाचा मोठा चौकोनी शिक्का अनेक नामांकित गुंडाळ्यांवर आहे. चित्राचा जन्म आधीचा, शिक्का नंतरचा, म्हणून शिक्क्यावरून फक्त मालकी आणि प्रवास सांगता येतो. आणि नावाजलेल्या शिक्क्यांची नक्कलही भरपूर होते, त्यामुळे एकट्या शिक्क्यावर काही उभं करू नका.

छोट्या आयताकृती शिक्क्यांत मात्र एक खरी नवी गोष्ट दिसते. कुंचल्यानं सही करणं मंगोल आणि सेमू अधिकाऱ्यांपैकी पुष्कळांना जमत नसे, म्हणून ते हस्तिदंतात किंवा लाकडात सहीच कोरून घेत आणि ठसा उमटवत. वर चिनी आडनाव, खाली सहीची नक्षी किंवा फग्सपा लिपीतलं अक्षर, अशी ठेवण नेहमी आढळते. ही लिपी तिबेटी लामा फग्सपानं कुबलाईसाठी केली, १२६९ मध्ये जाहीर झाली. सोयीसाठी आलेली ही पद्धत पुढे हान शिक्का-कोरणाऱ्यांनी एक शैली म्हणून उचलली. ‘पचवलं’वाल्यांना दाखवायला हे चांगलं उदाहरण आहे, कारण इथे उचलणारे हान आहेत.

आतापर्यंतचं एका दमात: सांधे तपासा, लेख वाचा, केस-कपडे बघा पण कथेचा काळ आणि चित्राचा काळ वेगळा धरा, रेघेवरून वंश ठरवू नका, शिक्क्याला मालकीपुरतंच विचारा.

निबंधासाठी दोनच वस्तू निवडायच्या असतील तर पहिली १३०४ चा अर्हत. दुसरी मी युआनमधली घेणार नाही, मांचू काळातली घेईन, म्हणजे तुलना करता येईल. छियेनलोंग ह्या मांचू सम्राटानं मध्य आशियातल्या मोहिमेनंतर १७६० मध्ये शंभर शूरांची व्यक्तिचित्रं करवून घेतली. अंगरक्षक झान्यिनबाओचं चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्याचा चेहरा युरोपीय धर्तीच्या छटांनी गोलाई आणलेला, पण उजेड समोरून, कारण अर्ध्या चेहऱ्यावर गडद सावली दरबाराला रुचत नसे. वर स्तुतिपर मजकूर दोन भाषांत. दोन्ही लिप्या उभ्या ओळींत लिहितात, पण चिनी ओळी उजवीकडून डावीकडे जातात आणि मांचू ओळी डावीकडून उजवीकडे. म्हणून चिनी मजकूर उजव्या कडेला सुरू होतो, मांचू डाव्या कडेला, आणि दोघांचा शेवट मध्ये येतो. निबंधात लावताना फक्त माणसाचं चित्र कापून लावू नका, वरचा हा सगळा भाग त्यात राहू द्या.